आज भाजी काय केली?

दैवशाला कुणाच्या दारात गेली की चप्पल काढायच्या आधीच विचारायची, "माय, आज भाजी काय केली?"

आता जाफराबादच्या जुन्या वस्तीत हा प्रश्न कोण विचारत नाही? पण बाकीच्या बाया विचारतात आणि पुढं चालू लागतात. दैवशाला उंबऱ्यावर बैठक मारायची आणि उत्तर येईस्तोवर हलायची नाही. "शेपू केला, मूग घालून," असं पटकन आलं, की त्या घराची तिला काळजी नसायची. "करू आता काहीतरी," असं रेंगाळत आलं, की ती लगेच विषय बदलायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीला पाहून गेले, असं गावभर फिरून पुन्हा त्याच चुलीपाशी यायची. तोवर समोरची बाई आपण होऊन सांगायला लागलेली असायची.

ही रीत तिच्या बापाची. वडीगोद्रीत हायवेला त्याचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, पत्र्याखाली दोन बाकडी. ट्रकवाले, ऊसतोडीचे लोक, एसटी चुकलेले म्हातारे, सगळे तिथं टेकायचे. एकदा लहानग्या दैवशालानं एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, भूक लागली का?" म्हातारा ताडकन उठला आणि पाणीसुद्धा न पिता चालता झाला. बापानं तिला जवळ घेतलं. "बये, भूक लागली का असं माणसाला इचारू नाही. पान मांडायचं आन् इचारायचं, भाजी कोणची वाढू? मंग माणूस बसतो."

लग्न होऊन ती भुजंगच्या घरी जाफराबादला आली. थोडी शेती, त्यात कपाशी आणि सोयाबीन. भुजंगला भांडणापेक्षा चेष्टेची आवड जास्त, त्यामुळं संसार बरा चालला. शेजारच्या अंगणात तुळजाबाई राहायची. ती भुजंगच्या भावकीतली चुलती. नव्या नवरीला इथली चूल, इथला वारा, इथली माणसं तिनंच शिकवली. दैवशाला तिला तुळजामाय म्हणायची.

गंधाली जाफराबादला आली ती गेल्या वर्षी. जालन्याच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात सरकारी विमा योजनेचं कार्ड चालायचं. ऑपरेशन फुकट होतं हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पण पेशंट तिथवर पोचणार कसा? घरी आल्यावर त्याला दोन गरम घास कोण घालणार, गोळी कोण देणार? त्यासाठी दवाखान्यानं योजनेतून 'सोबत' नावाचं एक काम सुरू केलं होतं. गंधाली त्याची साहेबीण. जालन्यातच वाढलेली, वडील कचेरीत. बोलायला साखर. समाजमंदिरात तिनं बायाबाप्यांना जमवलं आणि म्हणाली, "घराघरांत जाऊन विचारपूस करणारी, तुमच्यातलीच एक ताई हवी आहे."

मागून भुजंग ओरडला, "मंग आमची न्या की! ही तर न बोलावता आत घुसती."

हशा पिकला, आणि त्या हशातच दैवशालाची निवड झाली.

पहिल्या दिवशी गंधालीनं शिकवलं तसंच तिनं कचरूला विचारलं. कचरू डायलिसिसचा पेशंट. "तुमच्या घरी पुरेसं अन्न आहे का?"

कचरू खाटेवरून उठला, आत गेला आणि अर्धं पोतं ज्वारी ओढत अंगणात घेऊन आला. "घे, बघ! भीक वाटायला निघाली व्हय? समोरून ये जा करती अन् पुस्तकातलं बोलती!"

दैवशालानं गंधालीला फोन लावला. "ताई, असं इचारलं तर आख्खं जाफराबाद पोती वढत भाईर आणंल. मला माझ्या पद्धतीनं इचारू द्या."

"कशी पद्धत?"

"तुम्ही या. बघा."

गंधाली आली, दैवशालाच्या मागं मागं दारोदार फिरली आणि चकित झाली. संध्याकाळी दैवशालाच्या ओट्यावर भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ताई, तुम्ही विचारता आणि लोक चक्क खरं सांगतात हो!"

"सांगतात. पर त्यांचं खरं माझ्यापाशी ठेवलेलं ऱ्हातं. ते कुठं जाणार?"

"माझ्यापाशी. आणि मदत जिथून यायची तिथं. बस्स. तिसऱ्या कानाला कळणार नाही. शब्द देते."

दैवशालानं तो शब्द उचलला आणि जसाच्या तसा गावात वाटला. लोकांनी तिच्यावर भरवसा टाकला, आणि मदत खरंच आली. रखमाजीची जीप दवाखान्यानं लावून घेतली. कचरूला आता डायलिसिससाठी एसटीत उभं राहावं लागत नव्हतं. एकट्या माणसांना बचत गटाच्या बायांकडून डबा सुरू झाला. एका बाळंतिणीला नणंद आणून दिली म्हणायलाही हरकत नाही. दैवशालानं त्या रुसलेल्या नणंदेच्या दारात बसून तिला माघारी आणलं. कचरू तर येता जाता चिडवायचा, "दैवशाला, मोठी साहेबीण झाली तू! आज आमच्यात भाजी काय केली ते तुझ्या जालन्याला कळव बरं!"

"कळवते. मीठ कमी हाये हे बी कळवते."

असे ते दिवस होते.

तुळजामायच्या हृदयाची झडप खराब असल्याचं निघालं ते याच दिवसांत. अंगण झाडलं तरी धाप लागायची. दवाखान्यात तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल, योजनेत बसेल. तिच्या घरच्या विचारपुशीचं काम अर्थातच दैवशालाकडं आलं.

"हिच्याकडं काय इचारायचं?" दैवशाला मनात म्हणाली. भिंतीला भिंत लागून घर. रोज दुपारी तुळजामायच्या चुलीवर फोडणी चरचरायची, लसणाचा वास अंगणभर पसरायचा. त्याच अंगणात पलीकडच्या खोलीत तिचा लेक अप्पाराव आणि सून राहायची. चूल वेगळी होती, पण ते तर हल्ली घरोघर असतं.

ती गेली तेव्हा फोडणी नुकतीच चरचरली होती.

"माय, आज भाजी काय केली?"

"वांग्याची," आतून उत्तर आलं, एकदम झटक्यात.

दैवशाला उंबऱ्यावर बसली. वास घेतला. लसूण होता, मोहरी होती. वांगं नव्हतं. हॉटेलवाल्याची पोर ती, तिला वांग्याचा वास कळत नाही? ती उठून आत गेली.

कढईत फोडणी घातलेलं नुसतं पाणी होतं. तुळजामाय त्यात शिळी भाकरी कुस्करत होती.

मग तुळजामायनं पदरानं चूल पुसल्यासारखं केलं. "बाजारापोतर चालवत न्हाई, बाई. कोणाला सांगू, मला वांगं आणून दे म्हणून?"

"अप्पाराव?"

"तो बोलत न्हाई माझ्याशी. सुनेसंगं वाजलं व्हतं मागं, तवापासून. समोरून गेला तरी खाली बघून जातो." तिला धाप लागली. "फोडणी घालते रोज. चर्र वाजलं म्हंजे गल्लीला वाटतं, म्हातारी शिजवून खाऊन राह्यली. लेकाचं नाव खराब होत न्हाई."

"मला बी वाटलं, माय. मला बी."

"कोणाला बोलू नको, दैवशे."

"न्हाई बोलत. फक्त गंधालीताईला सांगते. डबा सुरू होईल तुझा. ऑपरेशन झालं म्हंजे गोळ्याला बाई येईल. तिसऱ्या कानाला कळत न्हाई, माय. माझा शब्द हाये."

तुळजामायनं कढईकडं पाहिलं. मग मान हलवली. नवरी होऊन आलेल्या दैवशालावर तिनं कधीकाळी विश्वास टाकला होता, तसाच टाकला.

डबा सुरू झाला. ऑपरेशनची तारीख घ्यायला रखमाजीच्या जीपनं दोघी जालन्याला गेल्या. तुळजामायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाटेत ती रखमाजीला म्हणाली, "हळू हाण रे बाबा, नवी झडप बसायच्या आधी जुनी निसटंल."

डॉक्टर तरुण होते, शांत होते. आवाजात रागाचं नाव नव्हतं, म्हणून ते बोलणं आणखीच लागलं.

"आजी, झडप बदलली की आयुष्यभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. वेळच्या वेळी. सारखं रक्त तपासायचं. एक गोळी चुकली तरी जिवावर बेतू शकतं. घरी पक्कं माणूस लागतं."

"हाये की, साहेब. लेक हाये, सून हाये."

डॉक्टरांनी मान हलवली. "आजी, मुलगा तुमच्याशी बोलत नाही. सून बघत नाही. तुम्ही फोडणीचं पाणी खाऊन राहता. आम्हाला कळलंय सगळं. अशा परिस्थितीत ऑपरेशन करणं बरोबर नाही, असं आमच्या समितीचं मत आहे. सध्या गोळ्यांवर राहू."

फोडणीचं पाणी.

तुळजामायनं हळूच मान वळवली आणि दैवशालाकडं पाहिलं. एकदाच. मग डॉक्टरांना हात जोडले, पिशवी उचलली आणि निघाली. पिशवी घ्यायला म्हणून रखमाजी दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि आता तो छताकडं बघत होता.

दैवशालानं गंधालीला कॅन्टीनच्या बाहेर गाठलं.

"ताई, डॉक्टरला कोणी सांगितलं?"

गंधालीच्या हातातला चहा तसाच राहिला. "ताई, बसा ना."

"उभी बरी हाये मी. कोणी सांगितलं?"

"आता ती माहिती डॉक्टरांकडंही जाते. ऑपरेशननंतर पेशंट बिघडला की दवाखान्यावर ठपका येतो. म्हणून समितीनं ठरवलं, घरची परिस्थिती आधी बघायची. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून." दैवशालानं तो शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "दिवाळीत तुम्ही माझ्या घरी फराळाला आल्त्या. माझ्या हातच्या करंज्या खाल्ल्या. तवा ठावं व्हतं तुम्हाला?"

गंधालीनं कप कठड्यावर ठेवला.

"ठावं व्हतं?"

"हो."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

गंधालीनं मान खाली घातली, आणि खरं तेच बोलली. "सांगितलं असतं तर तुम्ही लोकांना विचारलं असतं का, ताई?"

दैवशाला हसली. तिलाच कळेना आपण का हसलो. "बराबर. बिलकुल बराबर. म्हणून तर न्हाई सांगितलं."

"मी भांडले होते मीटिंगमध्ये. आणि तुळजाबाईंचा डबा सुरूच राहील. मी स्वतः लक्ष देते."

"ऑपरेशन न करता डबा? डबा खात खात मरायचं व्हय तिनं?"

परतीच्या वाटेवर तुळजामाय पुढं बसली, रखमाजीशेजारी. कधी नव्हे ते. उतरताना दैवशालानं हात पुढं केला, तो तिनं पाहिलाच नाही.

रखमाजी वाईट माणूस नव्हता. पण जीप चालवणाऱ्याच्या पोटात गोष्ट किती वेळ टिकणार? दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर चहा पिणाऱ्या सगळ्यांना फोडणीचं पाणी कळलं, आणि दुपारी अप्पाराव दैवशालाच्या दारात उभा राहिला.

"वैनी! माझ्या मायची कढई जालन्याला उपडी करून आल्या तुम्ही! आता मी गावात तोंड कुठं दाखवू?"

भुजंग ओट्यावर विळ्याला धार लावत होता. वरसुद्धा न बघता म्हणाला, "गावात कशाला? आधी भिंतीपलीकडं मायला दाखव. तिनं लई दिवसांत बघितलं न्हाई."

"भुजंगदादा, मधी पडू नका!"

"मधी कुठं? बाजूला तर बसलोय."

अप्पाराव तोंडातल्या तोंडात पुटपुटत ओट्याच्या कडेवर बसला. तो काही राक्षस नव्हता. एक दिवस बोलला नाही, मग दुसरा दिवस गेला, मग बोलायचं कसं तेच विसरला. असे लेक घरोघर असतात. खूप वेळानं म्हणाला, "उद्या मी जातो जालन्याला. बायकोला घेऊन. मायला घेऊन. डॉक्टरला सांगतो, माय माझी हाये, मी बघतो. मंग तर करतील?"

"करतील," दैवशाला म्हणाली. "पर नंतर बघशील का?"

"नंतरचं नंतर, वैनी. आधी ही बोंब तर मिटू द्या."

तिला कळलं, याला बोंब मिटवायची आहे. पण तेवढ्यानंही ऑपरेशन होत असेल तर?

दुसऱ्या दिवशी गंधालीचा फोन आला. मागं दवाखान्याचा गलबला. "ताई, मुलगा आणि सून आलेत. आम्ही सांभाळतो म्हणतात. तुळजाबाई पण म्हणतात, घरात काही कमी नाही, तुम्ही चुकीचं सांगितलं. डॉक्टर मला विचारतायत. मी तुमच्याच शब्दावर जाणार."

"माझ्या शब्दावर."

"हो. पण एक आहे. घरी आधार आहे असं ठरलं की डबा बंद होईल. गाडी पण. ती मदत ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी."

दैवशाला अंगणात उभी होती. समोर तुळजामायच्या दाराला कुलूप, अप्पारावच्या दाराला कुलूप, मधे विझलेली चूल. खरं सांगितलं तर डबा येईल आणि माणूस जाईल. खोटं सांगितलं तर झडप बसेल आणि पुढं गोळीला, रक्ताला, भाजीला कुणी नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून खरं काढणाऱ्या बाईला आता स्वतः उत्तर द्यायचं होतं.

"ताई? ऐकताय ना?"

"घर भरलेलं हाये," दैवशाला म्हणाली. "लेक सोन्यासारखा हाये. सून जीव टाकती. माझीच चूक झाली."

हे खोटं आहे, हे गंधालीलाही कळलं होतं. "ठीक आहे," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "ताई, पुढच्या आठवड्यात शेजारच्या माहोरा गावातल्या घरांचं..."

"माझं नाव काढून टाका. आन् ताई, दिवाळीला येऊ नका."

ऑपरेशन नीट पार पडलं. तुळजामाय घरी आली तेव्हा पाव्हण्यारावळ्यांची रीघ लागली, आणि त्या रिघेसमोर सुनेनं ताटं वाढली, अप्पारावनं सगळ्यांदेखत गोळी हातावर दिली. दैवशाला भिंतीआडून बघायची. लोक येईनासे झाले तशी पलीकडची चूल पुन्हा पलीकडची झाली. अप्पाराव गोळ्या आणून ठेवायचा, एवढं खरं. रक्त तपासायला तो एकदा घेऊन गेला. पुढच्या वेळी सोयाबीन काढणीला आलं होतं.

दैवशालानं भाजीची वाटी पाठवली. वाटी परत आली, घासून लख्ख, आत साखर घातलेली. पाव्हण्यांची वाटी रिकामी धाडत नाहीत, तशी. घरच्या वाटीत तुळजामायनं आजवर कधी साखर घातली नव्हती.

आणि गल्ली? गल्लीनं तर कमालच केली. दैवशाला साध्या कामासाठी निघाली तरी दारादारांतून उत्तरं यायची, न विचारताच.

"शेपू केला!"

"मेथी! डाळ घालून!"

कचरूनं तर खाटेवरूनच हात वर केला. "आमच्यात पनीर हाये, दैवशाला! कळव जालन्याला!" या वेळी तो चिडवत नव्हता. त्याची डायलिसिसची जीप अजून चालू होती, आणि घर भरलेलं सांगितलं तर ती बंद पडेल की रिकामं सांगितलं तर उपचारच थांबतील, काय बोलायचं आणि काय नाही, हे त्याला कळेनासं झालं होतं. आता दैवशालासमोर ते कुणालाच कळत नव्हतं.

एका दुपारी बाजारातून येताना तिनं मुद्दाम वांगी घेतली. आपल्या अंगणात शिरताना भिंतीपलीकडं फोडणी चरचरली. पाय आपोआप तिकडं वळले. दार बंद होतं, आतून कडी.

"माय," ती म्हणाली, "आज भाजी काय केली?"

"वांग्याची," आतून आलं, झटक्यात. "भरली वांगी. अप्पाला आवडतात म्हणून. तू जा, तुझा सैपाक खोळंबला असंल."

दैवशालानं वास घेतला. लसूण होता. मोहरी होती.

गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या, अप्पारावची बायको कपडे वाळत घालता घालता थांबली होती. सगळ्यांचे कान इकडं. दैवशालानं हातातली वांगी अलगद उंबऱ्याशी ठेवली. मग आवाज चढवून, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"वास लई भारी सुटलाय, माय!"

आत कढई चुलीवरून खाली ठेवल्याचा आवाज झाला. दार काही उघडलं नाही.